तिनं दूध सोडलं ते त्याच्या मांडीवर

माझ्या मुलीनं अंगावरचं दूध सोडलं, त्याला आता दोन वर्षं होतील. सोडव, सोडव म्हणून सगळे माझ्या मागं लागले होते आणि मीही चारचौघांत "हो, आता सोडवायचंच आहे" असं म्हणायचे. पण ती खरोखर सोडायला लागली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मला हेवा वाटला, आणि तोही माझ्या नवऱ्याचा.

आम्ही विट्याचे. नवरा गलाईवाला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं त्याचं दुकान कोईमतूरला आहे. यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचा, बाकी वर्षभर तिकडं. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच, त्यामुळं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी जवळच्या गावातल्या हायस्कूलला गणित शिकवते, ती नोकरी सोडायची नव्हती म्हणून लग्नानंतर इथंच राहिले. घरात मी, सासू आणि आमची मुलगी. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे.

म्हणजे पहिली दोन वर्षं ती पोरगी माझीच होती. मी शाळेतून आले की गाडीचा आवाज ऐकूनच ती दारात यायची. डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आत "दुदू, दुदू" सुरू. आत्या ओरडायच्या, "आगं तिला हात-पाय तरी धुवू दे!" पण मला तेवढाही धीर नसायचा. मी भिंतीला टेकून बसायचे, ती मांडीत आडवी व्हायची आणि एक पाय उचलून माझ्या खांद्यावर टाकायची. डोळे मिटून प्यायची आणि एका हातानं माझ्या मानेवरचा तीळ चाचपत राहायची. सकाळपासून वर्गात ओरडून बसलेला माझा आवाज, शाळेतल्या कटकटी, सगळं तेवढ्या वेळात खाली बसायचं.

दुसरा वाढदिवस झाला तशा आत्या जोरात मागं लागल्या. "दोन वर्सं झाली. आता पुरं कर. पोरगी भाकरीला तोंड लावत न्हाई." एकदा त्यांनी परसातली कोरफड कापून आणून दिली. लाव, कडू लागलं की आपोआप तोंड फिरवंल, म्हणाल्या. मी "उद्या लावते" म्हटलं. ती कोरफड खिडकीत वाळून गेली.

थंडी सरता सरता कोईमतूरहून फोन आला. नवरा मोटरसायकलवरून घसरला होता आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. दुकान धाकट्या दिरावर सोपवून त्याला घरी आणलं तेव्हा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्याचा मुक्काम पडला.

पहिले काही दिवस मुलगी त्याच्याजवळ जाईना. तिला पप्पा म्हणजे मोबाईलमधले ठाऊक. ती माझ्या मोबाईलकडं बघायची, मग त्याच्याकडं बघायची आणि धावत येऊन माझ्या पदरात शिरायची. पिता पिता एक डोळा त्याच्यावर. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तो दिवाणावरून दोन्ही हात पुढं करून "ये की गं" म्हणायचा आणि ती मला आणखी घट्ट धरायची. मी वरवर म्हणायचे, "जा ना, पप्पा आहेत ते." हात मात्र तिच्या पाठीवरून काढायचे नाही.

तिला फितवलं ते प्लास्टरनं. पांढरं, गुळगुळीत, तिच्या उंचीला बरोबर. एके दिवशी तिनं माझ्या टेबलावरचे स्केचपेन पळवले आणि त्याच्या पायावर एक हिरवी रेघ ओढली. त्यानं रागावण्याऐवजी दुसरा पेन पुढं केला. मी संध्याकाळी पाहिलं तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हिरवं-जांभळं जंगल झालेलं. त्या दिवसापासून ती त्याची झाली. मी शाळेत, आत्या स्वयंपाकात आणि बाजारात. तो जागचा हलू शकत नव्हता आणि तिला तर असाच माणूस हवा होता, जो "थांब, माझं काम आहे" असं कधीच म्हणणार नाही.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. एका दुपारी मी उन्हातून घरी आले तर दारात कुणी नाही. पायऱ्या चढतानाच मला पान्हा फुटला होता. आत पाहिलं तर ती त्याच्या पोटावर पालथी झोपलेली, तोंड उघडं, त्याच्या बनियनवर लाळेचा डाग. तो घामानं निथळत होता, पण हलत नव्हता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली?" मी हळूच विचारलं.

"कवाच."

"न पिताच?"

"कपानं दिलं की. आईनं कोमट करून दिलं, म्या पाजलं. सगळं संपवलं बघ!"

मोठा पराक्रम केल्यासारखा त्याचा चेहरा. मी आत गेले. आत्या ताट वाढत होत्या, त्याही खूश. "बघ, सुटतंय आपसूक. कोरफड न्हाई आन काय न्हाई." मी मान हलवली, जेवले, आणि त्यानंतर डबा इतका घासला की आत्यांनी हातातून काढून घेतला.

दुपारचं असं सुटलं. एक-दोन दिवस मी वाट पाहिली की विसरली असेल, उद्या मागेल. तिनं मागितलं नाही.

त्यातच बापलेकीची एक वेगळी भाषा सुरू झाली. नवरा पोरवयातच कोईमतूरला गेलेला. तमिळ त्याला आपल्या बोलीइतकी येते. दिवसभर पडून पडून कंटाळला की तो गंमत म्हणून तिच्याशी तमिळ बोलायचा आणि ती पोपटासारखं उचलायची. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन ओरडायला लागली, "पाल! पाल!" आत्या झाडू घेऊन भिंती शोधायला लागल्या. "कुठंय गं? कुठं बघितलीस?" ती आणखी जोरात "पाल!" बाहेरून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. इतका हसला की पाय धरून कण्हायला लागला. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. तिला कपातलं दूध हवं होतं.

आत्याही हसल्या. मीही हसले. पण डोक्यात एक गोष्ट राहून गेली. माझं ते दुदू होतं आणि त्याच्या कपातलं ते पाल. तिनं दोन्हीला दोन वेगळे शब्द ठेवले होते, आणि दिवसेंदिवस दुसरा शब्द जास्त ऐकू येत होता.

मग एकदा दिवेलागणीला ती माझ्याकडं आली, मांडीत आडवी झाली, चार घोट घेतले, सोडलं आणि पालथ्या हातानं तोंड पुसून म्हणाली, "पोदुम."

मी बाहेर विचारलं, "काय म्हणतीय ही?"

"पुरे म्हणतीय," तो दिवाणावरून म्हणाला आणि हसला.

त्या रात्री मी त्याचं ताट वाढलं, पण भाकरी हवी का हे विचारलं नाही. त्यानं दोनदा माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"कायतरी झालंय."

"तिच्याशी मराठीत बोला. उद्या अंगणवाडीत गेली की कुणाला कळणार तिचं?"

"बरं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला किक मारत असताना आतून दोघांचा तमिळ गोंगाट ऐकू येतच होता.

असा मत्सर मला आधी कधी माहीत नव्हता. दुसऱ्या बाईचा वाटला असता तर निदान भांडता आलं असतं. इथं पाय मोडून पडलेला माणूस, तो आपल्याच लेकीला खेळवतोय, आणि त्याच्यावर जळायचं? शाळेत शिक्षिका म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई, नवरा मूल सांभाळतोय." मी हसून हो म्हणायचे आणि फळ्यावर गणित चुकवायचे.

एका रविवारी मी ठरवून केलं. दुपारी तो जागा व्हायच्या आत तिला घेऊन आतल्या खोलीत आडवी झाले. "ये, दुदू पिऊ?" ती आली. माझं मन मोडू नये म्हणून आल्यासारखी. पाहुणे नको नको म्हणत दोन घोट चहा घेतात, तशी प्यायली. एवढ्यात बाहेर तो खोकला. नुसता खोकला, हाक नाही, काही नाही. ती ताडकन उठली आणि पळाली. मी ब्लाउजची बटणं लावत वरच्या पंख्याकडं बघत पडून राहिले.

एप्रिलमध्ये सांगलीला आमचं प्रशिक्षण लागलं, दोन दिवसांचं, तिथंच राहायचं. तिला सोडून मी कधी मुक्कामाला गेले नव्हते. आता फक्त सकाळचं एक वेळचं पिणं उरलं होतं. "जा तू खुशाल, आमी हाय की," तो म्हणाला. आत्याही तेच म्हणाल्या. मला वाटलं, जाऊन बघूच. दोन दिवस आई दिसली नाही की कळेल तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छाती दगडासारखी झाली होती. सभागृहाबाहेर झाडाखाली कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझी ओढणी भिजली. एस.टी.त बसले तेव्हा अंगात कणकण होती. गाडी तासगावच्या पुढं आली, दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं, उन्हाच्या झळा आणि शेजारी एक म्हातारी मावशी. तिनं माझ्या कपड्यांकडं एकदा बघितलं.

"पोर ल्हान हाय व्हय घरी?"

"हो."

"मग जावा बिगीबिगी. वाट बघत आसंल."

विटा येईपर्यंत मी तेवढं एक वाक्य धरून बसले. ती दारात असेल. रडून रडून डोळे सुजले असतील. आत्या म्हणतील, काय सांगू बाई, दोन दिवस नुसता आईचा घोशा. मी हात-पायही धुणार नाही. दारातच बसेन.

घरी आले. ती त्याच्या चांगल्या मांडीवर बसली होती आणि तो तिला दहीभात भरवत होता. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आई आली!" उतरली, धावत आली, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली. तोंडाची शितं माझ्या सलवारला लागली. मग परत गेली, त्याच्या मांडीवर चढली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मी तिथंच जमिनीवर बसले. आत्या दारात उभ्या होत्या, तो समोर होता, तरी मी विचारलं, "दुदू?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, मला दिसत होतं. "दुदू नको. भात." आणि मी हिरमुसले असं तिला वाटलं असावं, कारण तिनं ताटलीतून मूठभर भात उचलला, आणून माझ्या तोंडात कोंबला. मी खाल्ला.

आत्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आत चल."

परसातला मोगरा त्यांनी ओंजळभर तोडून आणला. जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली आणि फुलं छातीवर ठेवून बांधून दिली. "मोगऱ्यानं दूध आटतंय. लय पिळून काढू नगंस. जितकं काढशील तितकं येतंय. हलकं वाटंल एवढंच काढ." त्यांचे हात खरखरीत आणि गार होते. मला रडू आलं.

"आत्या, यांनी सोडलं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

त्या पट्टीची गाठ मारता मारता थांबल्या. आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होत्या.

"मला? आगं, सुटल्यागत झालं. चार पोरं, दोन म्हशी, रानातलं काम. कोन कवा प्यायचं थांबलं, ध्यानात बी न्हाई."

"काहीच नाही वाटलं?"

"भूक कमी लागाय लागली," त्या म्हणाल्या.

रडता रडता मला हसू आलं. पण त्यांच्याकडून मला जे ऐकायचं होतं ते त्यांच्याकडं नव्हतं, हेही कळलं. माझं दुखणं माझ्याजवळच राहिलं. घरभर मोगऱ्याचा वास, आणि मला तो वास सहन होईना.

दोन-तीन दिवसांनी आत्या तिला घेऊन शेजारी चैत्राच्या हळदीकुंकवाला गेल्या. घरात आम्ही दोघंच. त्यानं मला बोलावलं, बस म्हणाला.

"माझ्यावर राग हाय तुझा."

"राग नाही."

"मग काय?"

मी म्हणून टाकलं. "तुम्ही आलात आणि तिनं मला सोडलं."

तो पायावरच्या जांभळ्या रेघोट्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी दुकान बंद करून फोन लावायचो, तवा मला काय दिसायचं ठाऊक हाय? तिचं डोस्कं. मागनं. तू म्हणायचीस, थांबा, पितीय. मी आपला केसांकडं बघत बसायचो. ताटातला भात गार व्हायचा."

"मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? तिला बाजूला कर आन माझ्याकडं वळव म्हणू? मला तुझा लय हेवा वाटायचा. वाटायचं, आपल्याकडं तिला देण्यासारखं हाय काय? नुसता आवाज."

मी त्याच्याकडं बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हा माणूस तिकडं भट्टीजवळ उभा राहून माझा हेवा करत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"प्लास्टर निघालं की मी जाणार," तो म्हणाला. "मग हायच की तुझी तुला."

हे ऐकून माझा मत्सर विरघळला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला त्याची कणव आली आणि त्याच वेळी वाटलं, तू जाशील, ती माझ्याकडं येईल, पण दुदू परत येणार नाही. ते मी त्याला सांगितलं नाही. उठून चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला. त्या दिवसापासून मी त्याला भाकरी विचारून वाढायला लागले, एवढं मात्र झालं.

सकाळचं पिणं तिनं अजून धरलं होतं. झोपेत, अर्धवट डोळ्यांनी, रोज थोडं कमी. प्लास्टर काढायच्या दिवशी सकाळीही ती थोडं प्यायली. मग बाहेर रिक्षाचा आवाज झाला आणि पप्पा निघाले हे कळताच ती तोंडातलं तसंच सोडून उठली. दवाखान्यात प्लास्टर कापायचं यंत्र सुरू झालं तशी माझ्या कडेवर किंचाळायला लागली. तिला वाटलं, त्याचा पायच कापतायत. प्लास्टरखालून बारीक, पांढुरका, केस चिकटलेला पाय निघाला तेव्हा ती हुंदके देत त्यावर हात फिरवत होती. आणि तिच्या चित्रांचं प्लास्टर तिला हवंच होतं. तिथल्या माणसानं हसून अर्धा तुकडा दिला, तो ती छातीशी धरून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते शेवटचं होतं.

मे महिन्यात तो गेला. निघताना लंगडत लंगडत तिच्याजवळ वाकला आणि तिचा मुका घेतला. ती त्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी दिवाणाखाली वाकून बघितलं, न्हाणीत बघितलं, आणि मग रडली. संध्याकाळी माझ्या मांडीत येऊन आडवी झाली, माझ्या छातीवर हात ठेवला आणि वर बघितलं.

मी बटण काढलं. तिनं तोंड लावलं, पण कसं ओढायचं तेच तिला आठवेना. ओठ इकडं केले, तिकडं केले, दात लागले, मी "आई गं" म्हटलं तशी ती खुदकन हसली आणि उठून बसली.

"पाल दे," म्हणाली.

मी उठले आणि दूध तापवलं. कप तिच्या हातात दिला आणि ती शेवटच्या थेंबापर्यंत पीत असताना समोर बसून राहिले.

तेव्हापासून आमचं बरं चाललंय. ती माझ्याजवळ झोपते, माझ्याजवळ जेवते, माझ्यावरच रुसते. आत्या म्हणतात, पोरगी अगदी आईवर गेली. नवरा फोन करतो तेव्हा दोघं इतकी बोलतात की मला मध्ये शिरायला जागा नसते, आणि मी शिरतही नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही फलटणला माझ्या माहेरी गेलो होतो. धाकट्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं. दुपारी ती त्याला पाजत बसली होती, आणि माझी लेक फराळाची ताटली हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चकली खायची थांबली.

"मावशी, तो काय करतोय?"

"दूध पितोय."

"तुझ्या अंगातून?"

"हो. तूही अशीच प्यायचीस की, आईचं."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या कपड्यांकडं, मग तोंडाकडं. मी तिला फसवतेय की काय, असं बघितलं.

"नाही," ती ठामपणे म्हणाली. "मी नव्हते पीत."

"पीत होतीस," मी म्हटलं. "खूप दिवस."

"नाहीच मुळी!" आणि चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकत अंगणात पळाली.

बहीण हसली. बाळाचं पिऊन झालं होतं, त्याचे डोळे मिटत आले होते. तिनं ते माझ्याकडं दिलं, म्हणाली, "ढेकर काढ गं त्याचा, मी हात धुऊन येते." मी त्याला खांद्यावर घेतलं. दुधाचा वास, कोवळी मान, कानाशी गरम श्वास. बहीण परत आली, हात पुढं केले. मी म्हटलं, "राहू दे अजून थोडा वेळ." तिनं थोडा वेळ राहू दिलं. मग तो चुळबुळला, तिचा आवाज ऐकून तिच्याकडं वळला, आणि मला द्यावा लागला.